कुणीतरी सोडलेले मासे आणि त्यांची दुखणी

तिसऱ्या मजल्यावरच्या काकांची बदली झाली तेव्हा ट्रकमधून सगळं गेलं, तुळशीची कुंडीसुद्धा. राहिली ती माशांची टाकी. "ताई, तुम्हाला आवड आहे, तेवढी घेऊन जा हो," म्हणत काकूंनी फ्लॅटची किल्लीच हातात दिली. दोन फुटी टाकी, पातळ चहासारखं पिवळट पाणी, काचेवर हिरवा थर आणि आत तीन गोल्डफिश. मी टाकी घरी आणली. काच काथ्याने घासली, दगड धुतले, फिल्टरचा स्पंज नळाखाली पिळून पिळून नितळ पाणी येईपर्यंत धुतला. जरा अक्कल दाखवून अर्धं जुनं पाणी राखून ठेवलं, म्हणजे माशांना बदल जाणवायला नको. उरलेली टाकी ताज्या पाण्याने भरली, क्लोरीन मारायला हायपोचे थेंब टाकले, मासे सोडले. टाकी इतकी चकाचक दिसत होती की मी फोटो काढून काकूंना पाठवला.

सकाळी दोन मासे उताणे तरंगत होते. तिसरा पाण्याच्या वरच्या थराला तोंड लावून धापा टाकत होता.

त्या दोघांना रोगबिग काही झाला नव्हता. माझ्या साफसफाईने ते गेले. सोडून दिलेल्या, कुणाकडून तरी आणलेल्या माशांचे आजार समजून घ्यायचे तर सुरुवात इथूनच करावी लागते, कारण असे बरेच मासे रोगापेक्षा पहिल्या दोन दिवसांतल्या प्रेमाने मरतात.

झालं काय होतं ते सांगते. मासा अमोनिया टाकतो, तोही मुख्यतः कल्ल्यांमधून. उरलेलं खाणं आणि विष्ठा कुजूनही अमोनियाच होतो. चालू टाकीत फिल्टरच्या स्पंजवर आणि दगडांवर दोन प्रकारचे जिवाणू वसलेले असतात. पहिले अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. नायट्रेट त्या मानाने सौम्य असतं, थोडं थोडं पाणी बदललं की आटोक्यात राहतं. ही वस्ती नव्या टाकीत बसायला चार ते सहा आठवडे लागतात. मी ती क्लोरीनच्या पाण्याखाली पाच मिनिटांत धुऊन टाकली.

एवढ्यावर मात्र एका रात्रीत मासे मरत नाहीत. खरा घात पीएचने केला, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी आहे ते सांगणाऱ्या आकड्याने: सातच्या खाली आम्लधर्मी, वर क्षारधर्मी. हे जिवाणू काम करताना आम्ल तयार करतात. पाणी महिनोन् महिने बदललं नाही की पाण्यातला क्षार संपतो आणि पीएच घसरत सहापर्यंत येतो. तिथे जिवाणूही मंदावतात आणि अमोनिया साठत जातो. पण आम्लधर्मी पाण्यात तो जवळजवळ सगळाच अमोनियमच्या रूपात असतो, आणि अमोनियम माशाला फारसं बाधत नाही. मासे त्या घाणीत निवांत फिरत राहतात, मालक म्हणतो, "बघा, पाणी न बदलता वर्ष काढलं!" आमच्याकडे बोअरचं आणि टँकरचं पाणी येतं, पीएच आठच्या आसपास. मी राखून ठेवलेलं अर्धं जुनं पाणी त्यात मिसळलं आणि साठलेला अमोनियम विषारी अमोनियात बदलला. आकडे बघा: 25 अंश सेल्सिअसला पीएच 7 असताना एकूण अमोनियापैकी अर्ध्या टक्क्याच्या थोडाच वर भाग विषारी रूपात असतो, पीएच 8 ला तोच पाच टक्क्यांच्या वर जातो. एका अंकाला साधारण दहापट. सहावरून आठवर नेलं म्हणजे शंभरपटीच्या जवळ.

म्हणून आता कुणी टाकी देऊ केली तर मी आधी फोनवरच सांगते: काही धुऊ नका. फिल्टरचा स्पंज टाकीच्याच पाण्यात, उघड्या बादलीत आणा. बंद पिशवीत ठेवला तर हवा संपून जिवाणू मरतात. मासे त्यांच्याच पाण्यात येतात, पण मी त्यांना एक दिवस उपाशी ठेवते, आणि रोज दहा टक्के, फार तर पंधरा टक्के पाणी बदलते. पाणी आठवड्याभरात हळूहळू सुधारतं. मासा रोज थोडा बदल सोसतो. हातात अमोनियाची आणि पीएचची थेंबवाली टेस्ट किट असेल तर उत्तम. ती औषधाच्या चार बाटल्यांपेक्षा जास्त उपयोगी आहे, आणि दुकानदार चार बाटल्याच पुढे करतो.

एखाद्याला वाटेल, पिवळं पाणी मग वाईट नव्हतंच की. वाईटच होतं. माशाच्या कल्ल्यांवर आणि त्वचेवरच्या बुळबुळीत आवरणावर त्याचा परिणाम झालेला असतोच, प्रतिकारशक्ती खालावलेली असते. त्यामुळे सुटका झाली म्हणून टाळ्या वाजवल्यावर चार-सहा दिवसांनी खरी दुखणी वर येतात.

तिसऱ्याला आम्ही भाडेकरू म्हणू लागलो. त्याला त्या सकाळी मी एका जुन्या प्लास्टिकच्या टबात ठेवलं होतं. माझ्या चालू टाकीतलं पाणी, तिथलाच एक स्पंज, एअर पंप. आठवडा बरा गेला. मग एके दिवशी तो टबाच्या तळाशी अंग घासताना दिसला. शेपटीवर तीन पांढरे कण. दुसऱ्या दिवशी सगळ्या अंगावर, बोंबील तळायला घेताना रवा लावावा तसे.

याला दुकानात 'इक' म्हणतात, मराठीत पांढऱ्या ठिपक्यांचा रोग म्हटलं तरी चालेल. हा एकपेशीय परजीवी आहे. त्याचं जगणं समजलं की उपचार आपोआप समजतो, म्हणून इथे जरा थांबू.

जो ठिपका आपल्याला दिसतो तो परजीवी माशाच्या कातडीच्या वरच्या थराखाली बसून खात असतो. तिथे औषध पोहोचत नाही. पोट भरलं की तो बाहेर पडतो, तळाशी जातो, दगडाला किंवा काचेला चिकटून स्वतःभोवती कोष विणतो. कोषातही औषधाचा फारसा इलाज चालत नाही. आत त्याचे तुकडे होत होत शेकडो पिल्लं होतात. कोष फुटतो, पिल्लं पोहत बाहेर येतात आणि त्यांना दोनेक दिवसांत मासा सापडला नाही तर ती मरतात. औषध, मीठ, जे काही आहे ते या पोहणाऱ्या पिल्लांनाच मारतं.

आता लोक काय करतात बघा. ठिपके दिसले की औषध टाकतात. तिसऱ्या दिवशी ठिपके गायब! औषध लागू पडलं म्हणून थांबतात. प्रत्यक्षात ठिपके औषधाने गेलेले नसतात, ते पोट भरून खाली उतरलेले असतात. पाच-सहा दिवसांनी मासा दुप्पट ठिपक्यांनी भरतो आणि मग "औषध नकली होतं" अशी दुकानदाराच्या नावाने ओरड. चोवीस-पंचवीस अंशांच्या पाण्यात हे चक्र साधारण तीन ते सहा दिवसांत पूर्ण होतं. थंड पाण्यात तेच आठवड्यांवर जातं. पुण्यातल्या डिसेंबरच्या रात्री हीटर नसलेली टाकी म्हणजे रोगाला लांबलचक मुक्काम.

म्हणूनच पाण्याचं तापमान वाढवायचं, म्हणजे परजीवी लवकर खाली उतरतो, लवकर फुटतो आणि औषधाच्या तावडीत येतो. तापमान दिवसाला दोन-तीन अंशांपेक्षा जास्त वाढवायचं नाही. उष्णप्रदेशी माशांना 30 पर्यंत चालतं, गोल्डफिशला मी 28 वरच थांबते. सोबत एअर पंप जोरात हवा, कारण गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो. 20 अंशांना लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम, 30 ला साडेसातच्या आसपास. आणि इकने कल्ले धरले असतील तर माशाचा श्वास आधीच अर्धा झालेला असतो.

भाडेकरूला मी फक्त मिठावर काढलं. लिटरला एक ग्रॅमपासून सुरुवात, दोन दिवसांत दोन ग्रॅमवर. हिशेबासाठी टाकीच घ्या: दोन बाय एक बाय एक फुटांच्या टाकीत काठोकाठ सुमारे 56 लिटर पाणी मावतं. दगड आणि वरची मोकळी जागा सोडली तर 50 धरा. म्हणजे पहिल्या दिवशी 50 ग्रॅम खडेमीठ, मगभर पाण्यात पूर्ण विरघळवून, हळूहळू. रोज तळाचं पाणी नळीने ओढून काढायचं, त्याबरोबर कोषही जातात. इथे एक हमखास चूक होते: पाणी कमी झालं की लोक नवं पाणी मीठ घालून भरतात. पाणी उडून गेलं असेल तर साधंच पाणी घाला, मीठ उडत नाही. तुम्ही काढून टाकलेल्या पाण्यापुरतंच मीठ परत घालायचं. शेवटचा ठिपका गेल्यावरही मी आणखी दहा दिवस मीठ चालू ठेवलं. घरचे वैतागले, टब बाथरूमच्या दारात होता.

मीठ सगळ्यांना सोसत नाही. लोच, कोरीडोरस या तळाशी वावरणाऱ्या माशांशी जपून, आणि टाकीतली झाडं तर मिठाने मरतातच. तिथे मॅलाकाइट ग्रीन आणि फॉर्मेलिनची औषधं वापरतात. ती चालतात, पण हातमोजे घाला. मॅलाकाइट ग्रीन हा मुळात रंग आहे, खाण्याच्या माशांवर त्याला मनाई आहे ती उगाच नाही.

जाता जाता: नर गोल्डफिशच्या कल्ल्यांच्या झाकणावर विणीच्या काळात अगदी ओळीने पांढरे दाणे येतात. तो आजार नाही, तो वयात आला आहे. निरोगी नराला आठवडाभर मिठात ठेवणारे महाभाग मी पाहिले आहेत. त्यातली एक मीच.

मीठ इतक्या ठिकाणी का लागू पडतं, हेही साधं आहे. गोड्या पाण्यातल्या माशाच्या अंगातलं पाणी बाहेरच्या पाण्यापेक्षा खारट असतं. त्यामुळे बाहेरचं पाणी कल्ल्यांतून सतत आत शिरत राहतं, आणि मूत्रपिंडं ते सतत उपसत राहतात. गळक्या होडीत बसून पाणी बाहेर फेकावं तसा मासा आयुष्यभर उपसा करतो. आजारी माशाची कातडी फाटलेली असते, होडी जास्त गळते. बाहेरचं पाणी किंचित खारट केलं की गळती कमी होते. शिवाय मिठातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. नायट्राइटने रक्त तपकिरी पडून माशाला भरल्या पाण्यात गुदमरायला होतं, त्यावर तातडीचा उपाय म्हणजे चिमूटभर मीठच.

हा उपसा बंद पडला की काय होतं ते जलोदरात दिसतं. पोट फुगतं, आणि वरून पाहिलं तर खवले अंगापासून सुटून उभे राहिलेले, फणसाच्या सालीसारखे. हे एका रोगाचं नाव नव्हे, मूत्रपिंडं निकामी होत आल्याची खूण आहे. मागे बहुधा जिवाणू असतात. खवले उभे राहिलेला मासा मी आजवर एकच वाचवला आहे, तोही का वाचला ते मला सांगता येणार नाही. एप्सम सॉल्टने (हे खायचं मीठ नव्हे, मॅग्नेशियम सल्फेट) सूज थोडी उतरते. बाकी आशा ठेवा, पण घरातल्या लहान मुलांना खोटी आशा देऊ नका.

पांढरं काही दिसलं की सगळ्यांना एकच औषध, हा मोठा घोळ. अंगावर कापसाचा बोळा चिकटल्यासारखा दिसला तर ती बुरशी, आणि बुरशी सहसा आधी झालेल्या जखमेवरच येते. जाळी लागली, दुसऱ्या माशाने चावा घेतला, तिथे ती धरते. मिथिलीन ब्लू किंवा मिठाने जाते. पण तोंडाभोवती करडा-पांढरा थर, पाठीवर खोगीर टाकल्यासारखा फिका पट्टा, आणि दोन दिवसांत मासा खलास, असं असेल तर ती बुरशी नाही. तो कॉलमनारिस नावाचा जिवाणू आहे, आणि त्याला ऊब आवडते. इकसाठी आपण तापमान वाढवतो. कॉलमनारिसला तेच केलं तर दोन दिवसांचं मरण एका दिवसावर येतं. ठिपका की थर, हे आधी टॉर्च लावून नीट पाहावं. टॉर्चचा आणखी एक फायदा: अंधारात तिरपा झोत टाकला आणि अंगावर हळदीची पूड शिंपडल्यासारखी सोनेरी झाक दिसली तर तो वेल्व्हेट. हा परजीवी थोडाफार प्रकाशावरही जगतो, म्हणून टाकी झाकून अंधार करायचा आणि तांब्याचं औषध, तेही मोजून, कारण तांबं जास्त झालं तर गोगलगाई आणि कोळंबी आधी मरतात.

पर कुरतडल्यासारखे झाले असतील तर नव्वद टक्के वेळा, निदान माझ्या बाथरूममध्ये, पाणीच दोषी निघालं आहे. पाणी सुधारलं की पर परत वाढतात, नवा भाग आधी पारदर्शक येतो. त्याला पुन्हा रोग समजू नका.

गोल्डफिश उलटा तरंगतोय, पण खायला मागतोय, तर बहुतेक पोट बिघडलंय. पुष्ट, गोलमटोल जातींना हे फार होतं, त्यांच्या अंगातच आतड्यांना आणि हवेच्या पिशवीला जागा उरलेली नाही. दोन-तीन दिवस उपास, मग उकडून साल काढलेला मटार चिमटीने. कोरडे दाणे द्यायचेच असतील तर भिजवून.

खवल्याखालून दोऱ्यासारखं काही लोंबत असेल तर तो अँकर वर्म. नावात वर्म असलं तरी तो खेकडे-कोळंबीच्या गोतावळ्यातला आहे. ओल्या फडक्यात मासा धरून चिमट्याने अगदी कातडीजवळ पकडून ओढायचा. पाण्यात त्याची पिल्लं उरतात, त्यामुळे काम तेवढ्यावर संपत नाही.

आणि फ्लॉवरहॉर्न मासा. वास्तूसाठी आणलेला, मग नशीब उघडलं नाही म्हणून किंवा फार मोठा झाला म्हणून कुणाच्या तरी गळ्यात मारलेला. त्याच्या डोक्यावर सुईने टोचल्यासारखी भोकं पडलेली असतात आणि विष्ठा पांढरी, दोऱ्यासारखी. निकृष्ट खाणं, घाण पाणी आणि आतड्यातले परजीवी यांची ती मिळून करामत. मेट्रोनिडॅझोल देतात, खाण्यातून दिलेलं जास्त लागू पडतं. पण मात्रा जाणकाराकडून घ्या.

जाणकार कोण? माशांकडे बघणारे पशुवैद्य कमी आहेत, पण आहेत. नागपूर, उदगीर आणि रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालयं आहेत, मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था. जवळ राहत असाल तर मेलेला मासा बर्फात, फ्रीझरमध्ये नव्हे, ठेवून तपासता येईल का एवढं विचारायला हरकत नाही.

विचारायचं कारण असं की घराघरात एक वाईट सवय आहे: तापात उरलेली टेट्रासायक्लिनची कॅप्सूल फोडून टाकीत टाकणे. बोअरच्या जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम तिला बांधून टाकतं, माशापर्यंत फार थोडी पोहोचते. उलट फिल्टरमधले आपले जिवाणू मरू शकतात आणि रोगाचे जिवाणू निर्ढावतात. मिथिलीन ब्लूसुद्धा फिल्टरची वस्ती मारतं, म्हणून ते नेहमी वेगळ्या टबात. एका वेळी एकच औषध. मात्रा टाकीच्या खऱ्या लिटरवर, अंदाजावर नाही. फिल्टरमध्ये कोळसा असेल तर आधी काढा, नाहीतर तो औषधच शोषून घेतो.

एक गोष्ट तुमच्या हाताची. 1926 मध्ये फिलाडेल्फियाच्या मत्स्यालयातल्या माशांमध्ये क्षयाच्या जिवाणूचा एक भाऊबंद सापडला. तो माणसालाही होतो, हाताच्या कातडीवर न बऱ्या होणाऱ्या गाठी येतात. हात कापलेला असेल तर टाकीत घालू नका. आणि कृपा करून नळी तोंडाने ओढून पाणी काढू नका. आमच्याकडे स्कूटरमधलं पेट्रोल काढायच्या सवयीने सगळे तेच करतात. नळी पाण्याने भरून, एक टोक अंगठ्याने दाबून खाली सोडली की पाणी आपोआप येतं.

कधी कधी काहीच उपयोग होत नाही. तेव्हा लवंगाचं तेल. छोट्या बाटलीत कोमट पाणी घेऊन, माशाच्या भांड्यातल्या पाण्याच्या लिटरला अर्धा मिलिलिटर या हिशेबाने तेल टाकून पांढरं होईपर्यंत हलवायचं आणि त्या भांड्यात हळूहळू ओतायचं. आधी त्याला गुंगी येते, मग कल्ले थांबतात. थांबल्यावरही अर्धा तास तसंच ठेवायचं. नदीत, देवळाच्या तळ्यात सोडून पुण्य मिळतं असं वाटत असेल तर उजनीच्या मच्छीमारांना विचारा. काच साफ करायला आणलेला सकर मासा कुणीतरी असाच सोडला, आता तो त्यांच्या जाळ्यात येतो, काट्यांनी जाळी फाडतो आणि बाजारात त्याला गिऱ्हाईक नाही.

भाडेकरू सहा आठवडे टबात राहिला. एवढा काळ मी आता प्रत्येक आणलेल्या माशाला ठेवते, त्याची जाळी वेगळी, बादली वेगळी, त्याच्या टबात हात घातला की कोपरापर्यंत धुवायचा. मग त्याला काकूंच्याच टाकीत परत सोडलं. काच यावेळी मी फक्त समोरून पुसली होती. काकूंना फोटो पाठवला तर त्यांचा निरोप आला, "बाकीचे दोन लपलेत का?"